अर्जुनी मोरगावकडच्या तलावावर दिवसभर गरी टाकली, पावती, जेवण आणि पाळीवरचं (तलावाच्या बांधावरचं) फिरणं कसं आहे ते लिहितो

पावती १०० रुपये, माणसी दोन गऱ्यांपर्यंत (गरी म्हणजे गळ-दोरा लावलेली काडी) चालते, उजाडल्यापासून संध्याकाळी पाचपर्यंत. जेवण १५० रुपये ताट, आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागते. मासोळी घरी न्यायची असली तर वजन करून गावात जो भाव चालू असेल तो द्यायचा, नाही न्यायची तर तिथंच पाण्यात सोडायची, फक्त चिलापी (तिलापिया) सोडायची नाही, ते पुढं लिहितो. हे सगळ्यात आधी लिहितो कारण विचारणारे पहिले हेच विचारतात, बाकी सावकाश वाचा.

जागा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान गावाचा तलाव. तलावातली मासेमारी गावातल्या ढिवर लोकांच्या मच्छीमार संस्थेकडं लीजवर आहे, तेच लोक बाहेरच्या माणसाला दिवसाची पावती फाडून देतात आणि जेवण संस्थेतल्या घरच्याच बाया करून देतात. गावाचं नाव इथं टाकत नाही, संस्थेच्या लोकांनीच तशी विनंती केली, एका दिवशी चार-पाच लोकांच्या वर आले तर त्यांना पाहणं होत नाही आणि जाळ्याचं त्यांचं रोजचं काम खोळंबते. पण या पट्ट्यात तलाव गावोगाव आहेत, नवेगावबांधच्या आजूबाजूला कुठंही चहाच्या टपरीवर विचारा की इथली संस्था गरी टाकू देते का, कोणी ना कोणी अध्यक्षाच्या घरापर्यंत नेऊन सोडते.

नागपूरच्या आसपास आता पैसे देऊन मासे धरायची तळी झाली आहेत, तिथंही जाऊन आलो आहे. शेततळ्यात कतला-रोहू दाटीनं सोडलेले असतात, गरी टाकली की पाच मिनिटात मासोळी लागते, लहान पोट्ट्यांना मजा येते आणि पहिल्यांदा शिकायला ते ठीकच आहे. पण तिथं चालायला काही नाही, चारी बाजूनं प्लास्टिक आणि तारेचं कुंपण, स्पीकरवर गाणे, आणि मासोळी उपाशी असते म्हणून लागते, तुम्ही काही ओळखलं म्हणून नाही. मला गरी टाकायला आवडते ते पाणी पाहत बसायला मिळते म्हणून, त्यामुळं ते तळं आणि हा तलाव मी एका तराजूत तोलूच शकत नाही.

जायचं कसं तर नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली हा हायवे सरळ आहे, साकोलीपर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास, तिथून आत वळायचं. रेल्वेनं यायचं असेल तर गोंदिया-बल्लारशा लाइनवर अर्जुनी स्टेशन आहे पण तिथून पुढं गावात जायला स्वतःची गाडी नसेल तर लालपरीच्या टायमावर दिवस बांधावा लागतो आणि सकाळचा वेळ हातचा जातो. आम्ही साळ्याच्या घरी साकोलीला मुक्काम केला आणि पहाटे मोटरसायकलनं निघालो, जानेवारीतली थंडी, हातमोजे पाहिजेतच.

सकाळी गेल्या गेल्या गरी टाकू नका, हे मनापासून सांगतो. हिवाळ्यात पाणी थंड असते तेव्हा रोहू-मृगळ खायला सुस्त असतात, दहा-साडेदहाला ऊन पाण्यात उतरलं की मग हलायला लागतात. म्हणून सकाळचे दोन-तीन तास पाळीवर फिरायचे, आणि या जागेचा अर्धा पैसा मला तर तिथंच वसूल झाला.

पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, पण ही पाळ काही जेसीबीनं ओढलेली आजकालची नाही. भंडारा-गोंदियाकडचे हे जुने तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले, कोहळी लोक यातले मोठे जाणकार, उतार पाहून कुठं पाळ घालायची आणि पाणी कुठून सोडायचं हे त्यांना बरोबर कळत होतं. पुढं मालगुजारांकडं, म्हणजे गावच्या जमीनदारांकडं, आले म्हणून मालगुजारी तलाव, आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडं आले, म्हणून माजी मालगुजारी, लोक मामा तलाव म्हणतात. पाळीवर मोह, आंबा, अर्जुनाची जुनी झाडं आहेत, मुळांनी माती धरून ठेवली आहे, काही बुंध्यांना दोन माणसांची कव पुरत नाही. मधात एका झाडाखाली शेंदूर लावलेला देव आहे, तिथं चपला काढून सामोर जायचं, गावातले सगळे तसंच करतात.

चालताना संस्थेचे एक म्हातारे काकाजी सोबत आले, बोलवलं नव्हतं, आपणहून आले आणि तेच या दिवसातलं सगळ्यात भारी निघालं. त्यांनी तुडूम दाखवलं, म्हणजे पाळीतून पाणी बाहेर काढायची जागा, इथूनच खालच्या बांध्यांना (बांध घातलेल्या शेतांना) धानासाठी पाणी जाते. मग दुसऱ्या टोकाला सलंग, जिथून तलाव भरला की जास्तीचं पाणी आपोआप बाहेर पडते आणि पाळ फुटत नाही. "पाण्याले जायची वाट देल्ली तं ते पाळ फोडत नाही जी," असं म्हणत त्यांनी सलंगाच्या दगडांवर हात फिरवला. त्यांच्या बोलण्यात तलाव म्हणजे नुसतं पाणी नसते, खालची धानाची बांधी, वरचं जंगल जिथून पाणी वाहून येते, काठावरचा गाळ, ढोरं धुवायची जागा, मासे अंडी देतात ती उथळ बाजू, सगळं मिळून तलाव. मी दोन-तीन रिसॉर्टमध्ये गाइड घेऊन नेचर वॉक केले आहेत, त्यात कोणीही इतकं सांगितलं नाही. या फिरण्याचे वेगळे पैसे नाहीत, पण तुम्ही गेले तर चहा-नाश्त्याला काकाजींना सोबत बसवा आणि त्यांच्या वेळेचं काहीतरी हातात द्या, ते मागणार नाहीत.

पक्षी पाहणाऱ्यांनी दुर्बीण न्यावी. मोठ्या तलावांएवढी संख्या इथं नसते पण अगदी जवळून दिसतात. अडईचे थवे शिट्ट्या मारत उठतात, कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालतो, पाणकावळे खुंटावर पंख वाळवत बसलेले, टिबुकली बुडी मारून भलतीकडंच निघते, कवड्या खंड्या हवेत एका जागी थरथरत थांबून सरळ खाली पडतो. हिवाळ्यात तलवार बदकं आणि चक्रवाक बाहेरून येतात, आम्हाला चक्रवाकाची जोडी दूरच्या काठाला दिसली. सारस गोंदिया जिल्ह्यात अजून आहेत, आम्हाला दिसले नाहीत, धानाच्या बांध्यांकडं नजर असू द्या.

उथळ बाजूला एक गोष्ट काकाजींनी मुद्दाम थांबवून दाखवली. तिथं आधी पूर्ण बेशरम माजली होती, ती जांभळट फुलांची, ढोरंही तोंड लावत नाहीत. संस्थेतल्या बायांनी ती मुळासकट उपटली आणि दुसऱ्या तलावातून पाणवनस्पती आणून गाळात लावल्या, आता तिथं पोयना आहे, देवधान आहे, पाण्याखाली हिरवं दाट झालं आहे. लहान गावठी मासे तिथंच अंडी घालतात आणि पिल्लं तिथंच लपतात. या भागात बऱ्याच तलावांवर ढिवर बायांनी हे काम केलं आहे, चिखलात कमरेएवढं उभं राहून, आणि त्यामुळंच तलावात आपल्या गावठी मासोळ्या परत दिसून राहिल्या. त्या हिरव्या पट्ट्यात गरी टाकायला मनाई आहे, बांबू रोवून हद्द केली आहे. ती हद्द पाळा, कोणी पाहत नसलं तरी पाळा.

आता गरी.

दहाच्या सुमारास आम्ही पाळीच्या उन्हाच्या बाजूला बसलो. माझ्याकडं साडेचार मीटरची टेलिस्कोपिक काडी होती, साळ्याकडं गावातूनच घेतलेला बांबू, ३० रुपयांचा, शेंडा बारीक आणि लवचिक. दोरा मी ०.३० मिलिमीटरचा लावला होता, गळ सहा नंबर. खरं सांगतो, इथं रील लागत नाही. काठापासून काडीच्या पल्ल्यातच खोली बरी आहे आणि दूर फेकायला गेले तर कमळाच्या देठात अडकून दोरा तोडावा लागतो. बांबूचा साधा सेट घेतला तरी काही बिघडत नाही, संस्थेकडं दोन-तीन तयार बांबू असतातही, फक्त गळ आणि दोरा आपला न्या कारण त्यांच्याकडचा दोरा जाड असतो, हुशार मासोळीला दिसतो. तरंगायला प्लास्टिकचा फ्लोट मी काढून टाकला आणि ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा लावला, तो इतका हलका असतो की नुसता स्पर्श झाला तरी कळते.

चारा म्हणजे कणीक, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप, पाण्यात कालवून घट्ट गोळा. आधी मुठभर सैल चारा जागेवर टाकायचा, रोज एकाच जागी कोणी बसत असेल तर मासे तिथं येऊन पाहतातच. मोहाच्या बियांची ढेप चुकूनही मिसळू नका, ती माशांना विषारी असते, मत्स्यतळी साफ करायला ती मुद्दाम टाकतात. ढेपेच्या दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात म्हणून विचारून घ्या. गांडोळ लावलं तर शिंगटे आणि चिलापी जास्त लागतात, रोहूला कणकेचा गोळाच चालतो.

कोणती मासोळी कुठं खाते हे माहीत असलं की दिवस बदलतो. कतला वरच्या थराला, रोहू मधात, मृगळ तळाशी. म्हणजे गळ तळाला टेकवून बसले तर मृगळ, एखादा हात वर ठेवला तर रोहू, आणि कतला गरीला सहसा कमीच येते कारण ती वरचं बारीक बारीक खात फिरते. रोहू लगेच ओढत नाही, धांड्याचा तुकडा आधी थरथरतो, मग थांबतो, मग थोडा सरकतो, आणि तेव्हा झटका देणारे चुकतात, तो तिरपा होऊन बुडायला लागला की मनगटानं हलकेच उचलायचं. दीड-दोन तास काहीही झालं नाही, वारा नव्हता, पाणी काचेसारखं, साळा झाडाला टेकून झोपला, आणि मला एवढं बरं वाटत होतं की मासोळी लागली नाही तरी चाललं असतं. फोनला तिथं रेंज येत-जात राहते, मी बंदच करून ठेवला.

साडेबाराच्या आसपास पहिली रोहू लागली, किलोच्या आतबाहेरची, बांबू असो की फायबर, तेवढी मासोळी आडवी पळाली की हाताला जो ओढा येतो त्याचं वर्णन करता येत नाही. काकाजी शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते, "ओढू नका जी, थकू द्या तिले, थकली का येते आपोआप." काठाला आणून ओल्या हातानं धरली, गळ काढला, फोटो काढला, सोडली. नंतर साळ्याला दोन मृगळ आणि बऱ्याच चिलापी. चिलापी मात्र सोडायची नाही असा इथला नियम आहे आणि मला तो पटला, ती बाहेरून आलेली जात, तलावातच भराभर वाढते आणि गावठी मासोळीचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावते. ती कितीही धरा, वजन करून घरी न्या.

नियम आणखी आहेत. जाळं नाही, फेकजाळंसुद्धा नाही. पावभराच्या आतली रोहू-कतला-मृगळ परत पाण्यात, कारण या तिन्ही जाती साठलेल्या तलावात अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागते, म्हणून संस्था दरवर्षी स्वतःच्या पैशानं बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) आणून सोडते, लहान असताना कोणी काढून नेली तर तो सरळ त्यांच्या घरातला तोटा. आणि मरळ. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर बुडबुडा फुटला की कळते, आणि जिभेला मरळीसारखी मासोळी नाही, भावही तसाच. पण पावसाळ्यात तांबड्या पिल्लांचा पुंजका पाण्यावर फिरताना दिसला तर त्याच्या खाली मायबाप दोघंही राखण करून असतात, आणि पिल्लांजवळ काही गेलं की ते धावून येतात, म्हणूनच तेव्हा गरीवर सोपे सापडतात. ते काढले की पूर्ण पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. इथं पिल्लांवरची मरळ धरणाऱ्याची पावती तिथंच रद्द करतात आणि पैसे परत देत नाहीत. मला तर वाटते प्रत्येक तलावावर हा नियम पाहिजे, शहरातून हौसेनं येणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनी तर तो पाठच केला पाहिजे.

जेवण दीड वाजता, अध्यक्षांच्या घराच्या ओसरीत. भात, मासोळीचा रस्सा, लाखोळीचं वरण, वाळलेल्या झिंग्यांची चटणी, कांदा, हिरवी मिरची. आम्ही धरलेली मासोळी शिजवत नाहीत, सकाळच्या जाळ्यातली आधीच शिजायला घातलेली असते. रस्सा पातळ आणि आंबटसर, चिंच घालून, तेलाची तर्री अजिबात नाही, सावजीची सवय असलेल्यांना पहिल्या घासाला सौम्य वाटेल पण दुसऱ्या वाढपात कळते की मासोळीची चव तिखटात हरवली नाही. भात घरच्याच बांधीतला, नव्या धानाचा, थोडा चिकट. झिंग्यांची चटणी मी तीनदा मागून घेतली आणि वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "खा नं जी, लाजता काऊन, घरचंच आहे." घरी न्यायला चटणीचं पाकीट मिळते, ६० रुपये, नक्की घ्या. शाकाहारी माणूस सोबत असेल तर आधी सांगा, वांग्याची भाजी करतात, तीही छान होती असं बाजूच्या ताटावरून कळलं.

कमी काय आहे तेही लिहायला पाहिजे. तलावाजवळ संडास नाही, बायकांना आणि म्हाताऱ्यांना ही मोठी अडचण आहे, गावात अध्यक्षांच्या घरी सोय होते पण ते अंतर चालायला दहा-बारा मिनिटं लागतात. संस्थेशी बोललो तर त्यांनी सांगितलं की पावतीचे पैसे जमले की पहिलं काम तेच करणार आहेत, आणि मला वाटते त्यांनी त्यासाठी पावती १५० केली तरी कोणी कुरकूर करू नये. बसायला सावली आहे पण सपाट जागा कमी, लहान घडीची खुर्ची सोबत न्या. पाळीच्या दगडात कधी दिवड दिसतो, तो बिनविषारी आहे, त्याला मारू नका, पण हात घालताना पाहून घाला. लहान मुलं असतील तर तुडूमाच्या बाजूला एकटं सोडू नका, तिथं पाणी एकदम खोल आहे आणि कठडा नाही, हा कठडा खरंच व्हायला पाहिजे.

आणि कचरा. आम्ही होतो त्या दिवशी दुसऱ्या टोकाला एक ग्रुप आला होता, बाटल्या, कुरकुऱ्याची पाकिटं, तुटलेला नायलॉनचा दोरा तिथंच टाकून निघून गेले. संध्याकाळी संस्थेतल्या दोन बाया पोतं घेऊन वेचायला आल्या. तो नायलॉन दोरा पक्ष्यांच्या पायाला गुंडाळला की पाय तुटतो, टिबुकलीसारखा बुडी मारणारा पक्षी तर पाण्यातच अडकून मरतो. आपला तुटलेला दोरा गोळा करून खिशात घाला, एवढं तरी करा, हात जोडून सांगतो.

पाचला उठवतात म्हणजे उठवतातच. जंगल लागून आहे, अंधार पडला की पाळीवरून अस्वल, रानडुक्कर जातात, आणि परतीच्या रस्त्यावर दिवे नाहीत. काकाजी शेवटच्या माणसाला गाडीपर्यंत सोडून मगच घरी गेले.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा संडासाचा आणि कठड्याचा कापला आहे. ज्यांना फटाफट मासे पाहिजे, फोटोला मोठा मासा पाहिजे, बिअर आणि गाणे पाहिजे त्यांनी इथं अजिबात जाऊ नये. ज्यांना बसायला आवडते त्यांनी दोघं-तिघं मिळून मधल्या वारी जावं, रविवारी गावातले पोट्टे पोहायला येतात.

हंगामाचं पाहून ठरवा. ऑक्टोबरपर्यंत धानासाठी तुडूमातून पाणी सुटत राहते, पातळी हलते, मासे जागेवर राहत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरायला सगळ्यात चांगलं, गरीला फेब्रुवारीचे शेवटचे दिवस जास्त चांगले कारण पाणी तापायला लागते. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेपासून मोहफुलं वेचायला जंगलात असतात, तेव्हा जेवण मिळत नाही, डबा न्या, आणि मोहासाठी अस्वलंही बाहेर असतात म्हणून सकाळचं फिरणं उशिरा सुरू करा. मे महिन्यात पाणी उतरलं की संस्था स्वतः जाळं ओढून मासे काढते, तेव्हा पावती बंद. पैसे सुट्टे न्या, क्यूआर कोड लावलेला आहे पण रेंज नसली की तो चालत नाही.